बापाचं नाव मी दिलं नाही

"ते बाहेर ठेवा. तिकडे, चपलांजवळ. आत चामड्याचा वास येतो."

मॅडम रागानं बोलल्या नाहीत. रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ओली छत्री बाहेर ठेवा म्हणावं, इतक्या सहज बोलल्या. आणि आम्ही ठेवलं. पाच बायांनी पाच डफडी गळ्यातून काढली आणि चपलांच्या मांडणीला, घरच्यांच्या सँडलांवर टेकवून ठेवली.

अमरावतीच्या कॅम्पातला बंगला तो. रविवारची सकाळ. कपाशीच्या जिनिंगवर गबर झालेलं घर आणि त्या घरानं लोककला जगवायला काढलेलं प्रतिष्ठान. गावोगावच्या मंडळांना तिथून मदत मिळते असं कानावर आलं होतं. म्हणून गेलो होतो.

आत दिवाणखान्यात खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्हाला सतरंजी दाखवली. बसलो. मान वर केली तर समोरच्या भिंतीवर, मधोमध, एक डफडं टांगलेलं. जुनं. पॉलिश केलेलं. वरून पिवळा दिवा सोडलेला. त्या डफड्याचा कोणाला वास येत नव्हता. ते वाजत नव्हतं ना.

माझ्या शेजारी सुमनमावशी होती. बाजारात लसूण-मिरची विकते, आमच्यात वयानं सगळ्यात मोठी. तिनंही भिंतीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "हे कोनाच्या घरातून उचललं असंन वं?"

मागायला आलेल्यानं तोंड मिटून बसायचं असतं, हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं होतं.

आम्ही मांग. डफडं आम्ही मागून घेतलं नव्हतं, ते आमच्या गळ्यात घातलेलं होतं. लग्न, मयत, पोळा, कशातही पुढे चालायचं माझ्या आज्यानं, मग बापानं. वाजवायला पुढे, जेवायला मागे. माझ्या बापाचा हात असा होता की नवरदेवाचं घोडं त्याच्या ठेक्यावर पाय टाकायचं. पण पत्रावळ त्याची गोठ्यापाशी. मग डीजे आला. गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आले. बानं डफडं माळ्यावर टाकलं आणि हमाली धरली.

मी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कपड्याच्या कारखान्यात शिलाईवर आहे. दिवसभर मशीन चालते, घरी आल्यावरही कानात चालत राहते. एका दिवाळीत माळा झाडताना ते डफडं हाती लागलं. सैल पडलेलं कातडं जाळावर शेकून ताठ केलं आणि दारात बसून वाजवलं. बाप खाटेवर पडून ऐकत होता. मग उठला, माझ्या हातातली काडी काढली, पुन्हा हातात दिली. "अशी नाई धरत. ही काय लाटनं हाये?"

तिथून सुरू झालं. आधी मी, मग सुमनमावशी, मग कारखान्यातल्या तिघी. बाप मास्तर. वस्तीतले बाप्ये हसले. बायांनी डफडं गळ्यात घालावं, हे त्यांनाही पचलं नाही. एकानं तर बाला तोंडावर विचारलं, आता पोरीला मयतीलेही पाठवतो का. बा म्हणाला, "तुह्या मयतीले पाठवीन."

पण वाजवायला जागा नव्हती. समाजमंदिरात अभ्यासिका भरायची, घरी शेजाऱ्यांची लेकरं झोपायची. पावसाळ्यात कातडं सैल पडायचं, नवं चढवायला पैसा लागायचा. कुठे कार्यक्रमाला बोलावलं तर पाच बायांचा गाडीभाड्याचा प्रश्न. एखादी शेड मिळाली, थोडा आधार मिळाला, तर पथक उभं राहील असं वाटलं. म्हणून ती रविवारची सकाळ.

प्रतिष्ठानचे मालक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, खाली आले. माणूस गोड. हात जोडले. म्हणाले, तुमची कला ही आपल्या वऱ्हाडाची शान आहे, तुम्ही फक्त वाजवा, बाकी सगळं आमच्यावर सोडा.

सोडलं. बाकी सगळं म्हणजे काय, हे पुढे कळत गेलं.

शेड मिळाली. तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी. नवी डफडी मिळाली. त्यांच्यावर त्यांचं बोधचिन्ह. मॅडम पुण्याहून आलेल्या, आमच्यासारख्या सगळ्या मंडळांचं काम त्या बघायच्या. त्यांनी आम्हाला काष्टा घालून नऊवारी नेसवली, नथी घातल्या. आमच्यात नथ कोणी घालत नव्हतं. सुमनमावशीच्या नाकाला भोकही नव्हतं, तिला दाबाची दिली. ती वाजवताना पडायची. मग मॅडम म्हणाल्या, मावशींना मागे उभं करा. जिचा हात आमच्यात सगळ्यात जड, ती मागे.

जयंतीच्या मिरवणुकीत म्हणतात ती हक्काची गाणी आम्ही डफड्यावर बसवली होती. ती काढायला सांगितली. पाहुण्यांना जड जातात, म्हणाल्या. फोटो काढायला वस्तीत आल्या तेव्हा मावशीनं हौसेनं टाइल्स लावलेल्या घरासमोर उभं राहायचं म्हटलं. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि आम्हाला नाल्याकडच्या एका पडक्या झोपडीपुढे नेलं. त्या झोपडीत कोणी राहत नव्हतं. आतून कुत्री बाहेर आली. तोच फोटो त्यांच्या भिंतीवर मोठा करून लागला.

एकदा मेळघाटात नेलं, सेमाडोहला. मुंबईचे पैसेवाले पाहुणे वाघ बघायला आले होते. वाघ दिसला नाही. मग आम्ही दिसलो. आम्ही वाजवत होतो आणि तिथल्या आदिवासी, कोरकू बाया नाचत होत्या. एका पाहुण्याचं मोबाइलमध्ये नीट आलं नाही, म्हणून पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. त्यांची ताटं उठेपर्यंत आम्ही आणि त्या कोरकू बाया झाडाखाली बसून होतो. त्यातल्या एकीनं, फुलय तिचं नाव, स्वतःजवळच्या भाकरीचे तुकडे करून आम्हाला दिले. तिला मराठी थोडंच यायचं. "हे लोक असेच," एवढं म्हणाली. एवढ्यानं आमची ओळख झाली.

हे सगळं मी गिळलं. शेड होती, सराव होत होता, बाच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. मी मनाला म्हणायची, घेऊ दे त्यांना नाव, आपलं काम होतंय.

मग अकोल्याचा कार्यक्रम आला.

प्रतिष्ठानचा मोठा सोहळा होता. सभागृहात बाहेरगावचे अधिकारी, दाते, पत्रकार. भाऊसाहेबांचा सत्कार होता. कशाबद्दल, तर लोककलेचं पुनरुज्जीवन केल्याबद्दल. आम्ही फाटकापाशी वाजवायचं आणि शेवटी मंचावर जाऊन शाल घ्यायची. शाल घेताना वाकून नमस्कार करायचा, तो फोटो पाहिजे, असं मॅडमनी आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं.

बा आमच्यासोबत आला होता. इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी करून घेतली होती. त्याला पोरीला मंचावर बघायचं होतं. छातीचं दुखणं होतं त्याला, अधूनमधून दम लागायचा, तरी आला. भर उन्हाळा होता, आणि अकोल्याचं ऊन काय असतं ते माहीत असलेल्या माणसाला सांगायला नको. आम्ही फाटकाशी तापलेल्या डांबरावर वाजवत होतो, गाड्या आत जात होत्या, काचा खाली होत नव्हत्या. बाला दारातल्या स्वयंसेवकानं अडवलं. पास नव्हता. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आत खुर्च्या मोजक्या आहेत, आजोबांना सावलीत बसवा ना. सावली गाड्यांच्या शेडखाली होती. बा तिथं मोटारसायकलींच्या मध्ये उकिडवा बसला.

कार्यक्रमाचा आवाज बाहेरच्या भोंग्यावर येत होता. निवेदक बोलत होता. गोड गळा. म्हणाला, वऱ्हाडातली डफडं वादनाची कला लुप्त झाली होती, शेवटचा वादकही काळाच्या पडद्याआड गेला होता, तेव्हा भाऊसाहेबांनी या मृत कलेत प्राण फुंकले.

टाळ्या.

मी बाला पाणी द्यायला गेले होते. त्यानं पेला घेतला नाही. भोंग्याकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं.

"मेली म्हन्ते तो मानूस. शेवटचाही गेला म्हन्ते. मंग मी कोन हावो वं?"

त्यानं हे चिडून विचारलं असतं तर मी काही समजूत घातली असती. तो खरंच विचारत होता. जन्मभर गोठ्यापाशी जेवलेला माणूस, पण जिवंत नाही असं त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं. माझ्या आत काहीतरी तुटलं म्हणतात तसं नाही झालं. उलट झालं. विटाळ, वास, सतरंजी, कुत्र्याची झोपडी, झाडाखालची भूक, सगळं एका जागी येऊन घट्ट बसलं. कातडं शेकल्यावर बसतं तसं.

मंचावर बोलावलं. गेलो. भाऊसाहेब शाल घेऊन उभे. मॅडम खालून मान झुकवायची खूण करत होत्या. मी वाकले नाही. माझ्या मागून येणारी मावशी वाकली नाही. कोणीच नाही. मी निवेदकासमोरचा माईक ओढला आणि बोलले.

"आमची कला मेली नवती. ज्यानं आमाले शिकवलं तो माहा बाप बाहेर गाड्याईपाशी बसून हाये. याईनं बसवला. जित्ता हाये तो. कोनाले खोटं वाटत असंन त्यानं बाहेर जाऊन पाहावं."

पुढचं बोलायच्या आत आवाज गेला. कोणीतरी बटण बंद केलं होतं. निवेदक हसत पुढे आला, कलावंत भावुक झाल्या आहेत म्हणाला. सभागृहात हसू आलं. हलकं, सुशिक्षित हसू. ते मी अजून विसरले नाही.

माईक त्यांचा होता. डफड्याला माईक लागत नाही.

मावशीनं पहिली काडी मारली. नथ तिनं आधीच काढून फेकली होती. मग आम्ही सगळ्यांनी. सत्काराचं नाही, लग्नाचं नाही, मयतीचं वाजवलं. बानं शिकवलेलं, प्रेत उचलताना वाजवतात ते. खुर्चीत बसलेल्या पाहुण्यांना ते कळलं नसेल. दारातल्या पोलिसांना, मागे पाणी देणाऱ्यांना कळलं. भाऊसाहेबांना कळलं. वऱ्हाडातलेच ते, त्यांच्या घरच्या मयतींना आमचीच माणसं वाजवत होती. त्यांचा चेहरा उतरताना मी बघितला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

वाजवत खाली उतरलो, वाजवत बाहेर आलो, बाला उठवलं आणि बस धरली.

दुसऱ्याच दिवशी शेडला कुलूप लागलं. टेम्पो आला आणि बोधचिन्हाची डफडी घेऊन गेला. वस्तीत आमच्यावरच बोलणी सुरू झाली. हातातलं घालवलं, बायांना माज आला. दोघी घरच्यांच्या धाकानं पथकातून गेल्या. मॅडमचा फोन आला. माफी मागा, लहानशी चिठ्ठी लिहून द्या, सगळं पहिल्यासारखं होईल. मी विचारलं, माफी कशाची? त्या म्हणाल्या, "तुमच्या भल्याचं सांगतेय. आमच्याशिवाय तुम्हाला कोण ओळखतं?"

मी फोन ठेवला. आणि तेव्हा ठरवलं की यांना ओळखणारं कोणी उरलं नाही पाहिजे.

मला सूड हवा होता. हा शब्द मी टाळणार नाही. न्याय, समता, संवाद हे शब्द त्यांच्या पत्रकांवर छापलेले होते. माझ्यासाठी उरला हाच.

प्रतिष्ठान कशावर उभं होतं? आमच्यावर. दंडारीची सोंगं नाचवणाऱ्या फडावर, भजनी बायांवर, देवापुढे रात्रभर डहाका म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांवर, फुलयच्या नाचावर. आम्ही होतो म्हणून दाते होते. तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी एकेका मंडळाकडे जाऊ लागले. मावशी सोबत. भाषण केलं नाही कुठे. चुलीपाशी बसून झालं तेवढं सांगायचं. पहिल्यांदा कोणी ऐकलं नाही. दंडारीच्या प्रमुखानं तर हात जोडून बाहेर काढलं, म्हणाला, पोटावर पाय देऊ नको बाई. मी पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला त्यानंच सांगितलं की त्याच्या फडातल्या पोट्ट्यांना पाहुण्यांच्या गाड्या पुसायला लावल्या होत्या. प्रत्येकाकडे असं काहीतरी होतं. प्रत्येकाला वाटत होतं, ते आपल्या एकट्याच्याच नशिबी आलं.

सेमाडोहला गेले तेव्हा फुलयला फार सांगावं लागलं नाही. तिनं बायांना बोलावलं, त्यांच्यात कोरकूत बोलणं झालं, मग मला म्हणाली, "नाही जात आम्ही."

त्या हिवाळ्यात प्रतिष्ठानचा महोत्सव होता, अमरावतीला. मोठा मंडप, मोठे पाहुणे. एकही मंडळ गेलं नाही. मी मंडपाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभी होते. भाऊसाहेब घड्याळ बघत होते, मॅडम फोनवर फोन लावत होत्या. शेवटी कॉलेजातल्या मुलींना आणून काहीतरी नाचवलं. मुंबईचे पाहुणे लवकर उठले. मी एकेक गाडी जाताना बघितली. कारखान्यातला एक दिवस बुडाला होता. सार्थकी लागला.

बा हे बघायला नव्हता. अकोल्यानंतर त्याची छाती नीट झालीच नाही. सरकारी दवाखान्यात जीव सोडला त्यानं, महोत्सवाच्या थोडं आधी. त्याच्या पुढे आम्ही वाजवलं. तिघी होतो, मी, मावशी आणि कारखान्यातली एक. बापाच्या मयतीला पोरीनं वाजवलेलं वस्तीनं पहिल्यांदा पाहिलं. या वेळी कोणी हसलं नाही. गेलेल्या दोघी तिसऱ्या दिवशी परत आल्या.

आता आम्ही मंडळांनी मिळून आपली संस्था केली आहे. कारखान्यातल्या बाया पगाराच्या दिवशी देतात, बाजारातल्या भाजीवाल्या देतात, हमाल देतात. कमी पडतं. नेहमीच कमी पडतं. मागच्या पावसाळ्यात दोन डफडी फाटली, ती अजून तशीच आहेत. पण पाटी कोणाची लागत नाही.

आणि परवा भाऊसाहेब आमच्या दारी आले.

पहिल्यांदाच. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून चालत. मी खुर्ची दिली. चहा दिला, घेतला त्यांनी. म्हणाले, जे झालं ते झालं. मग सांगितलं की प्रतिष्ठान दरवर्षी एक पुरस्कार देणार आहे, लोकवादकाला. त्याला माझ्या बापाचं नाव द्यायचं आहे. पहिल्याच वर्षी मोठे दाते यायला तयार आहेत. मी होकार द्यावा आणि मंचावर बसावं. शेडही परत देतील.

बाप जिवंत असताना यांनी मारला. आता मेल्यावर जिवंत करायला आले होते.

"नाव मिळणार नाई," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हा त्यांचा सन्मान आहे. तुमच्या रागापायी तुम्ही वडिलांचा सन्मान नाकारताय. आम्ही तुमच्यासाठी इतकं केलं, अजून तुम्हाला काय पाहिजे?"

मी त्यांच्या डोळ्यात बघितलं. बंगल्यावर असताना मला ते कधी जमलं नव्हतं.

"तुमचं नुकसान पाहिजे, भाऊसाहेब. दुसरं काई नको."

ते उठले. दारातून जाताना म्हणाले, असं करून कोणाचंच भलं होत नाही.

नसेल होत. आमचं भलं हा शब्द त्यांच्या तोंडी पुन्हा येऊ नये, एवढ्याचसाठी मी आता जगते. पुढच्या महोत्सवाची जाहिरात लागली आहे. मंडळांकडे आम्ही फिरून आलो, कोणी जाणार नाही. या खेपेला दात्यांकडेही जाणार आहोत, मुंबईला. मावशीनं तिकिटं काढायला सांगितली आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून सांगणार, तुमचा पैसा कोणाच्या पाट्या रंगवतो ते. हाकललं तर दारात वाजवू. पोलीस बोलावले तर ठाण्यात वाजवू.

समेट करा म्हणणारे आता आमच्याकडे येऊ लागले आहेत. चांगली माणसं आहेत. चहा पितात, जातात. मी त्यांना एकच सांगते. जोपर्यंत त्यांच्या भिंतीवर आमच्या गरिबीचा म्हणून काढलेला एक जरी फोटो आहे, एका जरी मंडळाच्या छातीवर त्यांचं चिन्ह आहे, तोपर्यंत मी थांबणार नाही. सगळं उतरल्यावर थांबेन का, तेही सांगत नाही.